आकाशावरची पाटी

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली पॅसेंजर सालेकसा सोडते आणि थोड्याच वेळात दरेकसा स्थानकात येऊन थांबते. महाराष्ट्राची हद्द इथे संपत आलेली असते. एरवी मोजकेच उतारू असलेल्या या छोट्या स्थानकावर माघ पौर्णिमेच्या दिवसांत मात्र माणसांचा पूर लोटतो. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले आणि हातात ध्वज घेतलेले हे यात्रेकरू विदर्भातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून आलेले असतात. त्यांना जायचे असते कचारगडला. धनेगावापलीकडच्या डोंगरातील विशाल गुहेत बालके कोंडली गेली होती आणि पारी कोपार लिंगो व जंगो रायताड यांच्यामुळे ती मुक्त झाली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. म्हणून ती गुहा त्यांना मूळस्थानासारखी वंद्य आहे.

मीही एका वर्षी त्या गर्दीतला एक होतो. स्थानकावर उतरलो तेव्हा पिवळ्या पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत गावाचे नाव लिहिलेले होते. ती पाटी कोणाची स्तुती करीत नव्हती, काही विकत नव्हती; आपण कोठे आलो आहोत एवढेच ती सांगत होती. पुढे रस्त्याला लागलो आणि दृश्य पालटले. यात्रेकरूंचे हार्दिक स्वागत करणारे फ्लेक्स एकामागून एक दिसू लागले. स्वागत बारीक अक्षरांत आणि स्वागत करणाऱ्यांचे चेहरे मात्र माणसाच्या उंचीएवढे. विजेच्या खांबांना, झाडांच्या बुंध्यांना, बांबूंच्या चौकटींना ते बांधलेले होते. त्यांच्यामधून सप्तरंगी ध्वज घेतलेली माणसे शांतपणे डोंगराकडे चालली होती. एकाच वाटेवर पाटी, ध्वज आणि जाहिरात या तीन गोष्टी मी पाहिल्या, आणि तिन्हींमध्ये नेमका भेद काय, हा प्रश्न मनात घर करून राहिला.

पुढे या विषयावरचे कायदे चाळताना माझ्या ध्यानात आले की, हा भेद आपल्या कायद्याने फार पूर्वीच आणि मोठ्या काटेकोरपणे केलेला आहे. तो कसा केला गेला, आणि तो विसरल्याची किंमत आपण कोणत्या रीतीने मोजली, हे सांगण्यासाठी हा लेख.

‘जाहीर’ हा शब्द मूळचा अरबी. जे उघड आहे, सर्वांच्या दृष्टीस पडते ते जाहीर. त्याच शब्दापासून आपल्याकडे जाहीरनामा आला आणि जाहिरातही आली. राजाज्ञा जाहीर व्हायची ती सर्वांच्या हितासाठी, आणि दुकानाची जाहिरात व्हायची ती दुकानदाराच्या हितासाठी. परंतु दोन्ही उमटायच्या त्या एकाच जागी, म्हणजे सर्वांच्या डोळ्यांसमोर. ही डोळ्यांसमोरची जागा कोणाच्या मालकीची, हा नगरांच्या इतिहासातील एक जुना वाद आहे.

लंडन शहराचे उदाहरण बोलके आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथील प्रत्येक दुकानावर लोखंडी दांड्याला लटकणारी चित्रमय पाटी असे. बहुसंख्य लोक निरक्षर होते आणि घरांना क्रमांक नव्हते. त्यामुळे चांभाराचा बूट, न्हाव्याचा खांब, खानावळीचा सिंह हीच पत्त्याची खूण होती. पण शेजाऱ्यापेक्षा आपली पाटी मोठी असावी, रस्त्यावर अधिक पुढे यावी, ही चढाओढ सुरू झाली. अरुंद गल्ल्यांत ऊन आणि वारा अडू लागला. १७१८ साली फ्लीट स्ट्रीटजवळच्या ब्राइड लेनमध्ये अशी एक अवजड पाटी घराच्या दर्शनी भिंतीसकट कोसळली आणि खालून जाणारी चार माणसे ठार झाली. १७६१ मध्ये पॅरिसने आणि १७६२ पासून लंडनने पाट्या भिंतीला सपाट लावण्याची सक्ती केली. पाटी हवी, परंतु ती वाटसरूच्या डोक्यावर नको, हा त्यामागचा साधा विचार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाटी पुन्हा वर चढली, आणि यावेळी थेट छपरावर. लोखंडी सांगाडे उभारून त्यांवर प्रचंड अक्षरे बसविण्याची टूम निघाली. अक्षरांच्या मागे भिंत नसे, मोकळे आकाश असे. म्हणून त्यांना ‘स्काय साइन’ म्हणू लागले. १८९१ साली लंडनने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडील महापालिकांनी या शब्दाला ‘आकाशचिन्ह’ असा सुरेख प्रतिशब्द दिला. पुणे महापालिकेत आजही आकाशचिन्ह व परवाना विभाग आहे. त्या पाटीवरून जाणाऱ्या किती पुणेकरांनी या शब्दातील काव्याकडे लक्ष दिले असेल, देव जाणे!

मुंबई महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १८८८ चा. त्याचे कलम ३२८ या आकाशचिन्हांविषयी आहे. पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम २४४ त्याच धर्तीचे आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह उभारता येणार नाही, हा त्याचा गाभा. परंतु आकाशचिन्ह म्हणजे काय, याची व्याख्या वाचण्याजोगी आहे. जाहिरातीच्या, घोषणेच्या वा दिशादर्शनाच्या स्वरूपाचा कोणताही शब्द, अक्षर किंवा आकृती इमारतीवर वा खांबाच्या, चौकटीच्या आधाराने उभी असेल आणि रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसत असेल, तर ते आकाशचिन्ह. तिला आधार देणारा सांगाडाही त्यात धरला आहे. कायदा रुक्ष असतो असे आपण म्हणतो. परंतु हे कलम लिहिणाऱ्याने रस्त्यावर उभे राहून, मान वर करून पाहिले असले पाहिजे. फलकाचा मालक त्याला महत्त्वाचा वाटला नाही. रस्त्यावरून जाणारा माणूस आणि त्याला दिसणारे आकाश हीच त्याची कसोटी होती.

या व्याख्येतून ज्या गोष्टी वगळल्या आहेत, त्या आणखी उद्बोधक आहेत. ध्वजाचा खांब वगळला आहे. पण तो जाहिरातीसाठी वापरला जात नसेल तरच. घर वा जमीन विकण्याविषयीची सूचना वगळली आहे. आणि रेल्वेची पाटी वगळली आहे, परंतु दोन अटींवर. एक, ती केवळ रेल्वेच्या कामकाजाशीच संबंधित असली पाहिजे. दुसरी, ती रेल्वेच्या आवारात अशा रीतीने उभारलेली असली पाहिजे की, कोणत्याही रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत ती पडू शकणार नाही. दरेकशाची पिवळी पाटी या दोन्ही कसोट्यांना उतरते. कचारगडच्या वाटेवरचा ध्वजही उतरतो. मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या जुन्या कलमाने असे देऊन ठेवले होते.

एवढ्यावरच कायदा थांबलेला नाही. परवानगी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी देता येत नाही. फलकात मनमानी फेरबदल केला तर ती संपते. फलक किंवा त्याचा काही भाग अपघाताने वा जीर्ण होऊन पडला तरीही ती संपते. म्हणजे फलक ही कायमची मालमत्ता नसून नगराने काही काळापुरती दिलेली सवलत आहे, आणि लोखंड गंजते, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

मग माशी शिंकली कोठे? याचे एक उत्तर तंत्रात आहे आणि दुसरे पैशात.

एके काळी फलक हाताने रंगविले जात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांसारखा कलावंत रंगभूमीचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे वळला आणि चित्रपटांच्या भित्तिचित्रांचाही तो आपल्याकडील एक आद्य कर्ता ठरला. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगविले. गावोगावचे पेंटर देवनागरीची अक्षरे अशी काही वळवीत की, दुकानाच्या पाटीवरून पेंटर ओळखावा. हा फलक तयार व्हायला दिवस लागत, मजुरी पडे आणि म्हणून तो बेताने लागे. पुढे फ्लेक्सची छपाई आली. तासाभरात, थोडक्या पैशांत, हवा तेवढा चेहरा छापून मिळू लागला. पेंटरची शिडी अडगळीत गेली आणि आवर घालणारा खर्चाचा लगामही तिच्याबरोबर सुटला. वाढदिवस, निवड, नियुक्ती, पुण्यतिथी, दहीहंडी असे प्रत्येक निमित्त चौकात टांगले जाऊ लागले.

त्याला आवर घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा अधिनियम १९९५ मध्येच आला. सार्वजनिक दृष्टीस पडणारी जागा परवानगीवाचून जाहिरातीने विद्रूप करणे हा त्याने गुन्हा ठरविला आणि तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. मुंबई उच्च न्यायालयात साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर २०१७ च्या जानेवारीत सविस्तर निकाल लागला. बेकायदा फलक हटवावेत, नागरिकांना तक्रार करण्याची सोपी व्यवस्था असावी, गुन्हे नोंदवावेत, असे आदेश राज्यातील महापालिकांना आणि नगर परिषदांना दिले गेले. त्यानंतरही आदेशांच्या अवमानाबद्दल न्यायालयाला पुनःपुन्हा नाराजी व्यक्त करावी लागली. ज्यांनी फलक उतरवायचे, त्यांच्याच वरिष्ठांचे वा नेत्यांचे चेहरे फलकावर असतील, तर शिडी लावायची कोणी?

दुसरे कारण पैशाचे. जाहिरात हे महापालिकांच्या उत्पन्नाचे एक साधन आहे. फलकांवरील कर राज्यसूचीतील ५५ व्या नोंदीखाली येत असे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची राजवट सुरू झाली. परवाना शुल्काचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले. शुल्क घेण्यात गैर काही नाही. परंतु जो फलकाच्या आकारावर पैसे घेतो, त्यानेच फलक फार मोठा झाला म्हणून हरकत घ्यावी, अशी ही रचना आहे. जमिनीच्या मालकाचेही तेच. सरकारी खाते असो की खासगी धनी, मोकळा तुकडा उत्पन्न देतो म्हटल्यावर त्यावरचे आकाश भाड्याने जाते.

या दोन कारणांचा परिणाम आपण गेल्या काही वर्षांत पाहिला. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या हद्दीतील जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. चार जण दगावले. ब्राइड लेनमध्येही चारच दगावले होते. मधे तीनशे वर्षे उलटली होती. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी पावसात आडोशाला उभ्या असलेल्या माणसांवर फलक पडला आणि पाच जणांचा जीव गेला.

आणि मग आली १३ मे २०२४ ची ती दुपार. मुंबईत धुळीचे वादळ उठले. घाटकोपरला पूर्व द्रुतगती मार्गालगत रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील जागेवर उभा असलेला अवाढव्य फलक शेजारच्या पेट्रोल पंपावर आडवा झाला. महापालिका ४० फूट बाय ४० फुटांपर्यंतच फलकास परवानगी देत असे. हा फलक १२० फूट लांब आणि तितकाच रुंद असल्याचे महापालिकेने सांगितले. सतरा माणसे मृत्युमुखी पडली, सत्तरांहून अधिक जखमी झाली. पेट्रोल भरायला आलेली, पावसापासून आडोसा शोधणारी, पंपावर नोकरी करणारी ती माणसे होती. फलकावर काय लिहिले होते, हे त्यांच्यापैकी कोणी त्या क्षणी वाचतही नसेल.

दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली ती अधिकाराची. महापालिका म्हणाली, आमची परवानगीच नव्हती. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून परवानगीची गरज नाही, असा समज त्याआधी वर्षानुवर्षे चालत आला होता. गुन्हे दाखल झाले, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. या सगळ्या गदारोळात मला ते जुने कलम आठवत राहिले. रेल्वेच्या पाटीला सूट देतानाही कायद्याने बजावले होते की, ती पाटी केवळ रेल्वेच्याच कामाची हवी आणि ती सार्वजनिक जागेत पडू शकणारी नसावी. हे दोन्ही शब्द डोळ्यांआड झाले. जागा कोणाची, हा प्रश्न साऱ्यांनी विचारला. पडला तर कोणावर पडेल, हा प्रश्न कायद्याने विचारून ठेवला असूनही कोणी विचारला नाही.

पाट्यांचे नियम पाळून घेणे आपल्याला जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दुकानांच्या मराठी पाट्यांचा प्रश्न घ्या. राज्याच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक ठरली. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. व्यापाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मुदत संपताच महापालिकेचे निरीक्षक दुकानोदुकानी फिरले आणि पाट्या बदलू लागल्या. मातृभाषेची अक्षरे आपल्याच रस्त्यांवर मानाने झळकावीत, याचा मराठी माणूस म्हणून मलाही आनंद आहे. परंतु मनात येते, अक्षरांची उंची मोजणारी फूटपट्टी आपल्यापाशी होती, मग सांगाड्याचा पाया मोजणारी का नव्हती? उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या प्रश्नासाठी समाज जागा होता, दुसऱ्यासाठी झोपला होता.

समाज जागा झाला तर काय होते, याची उदाहरणे दूरही आहेत आणि जवळही. ब्राझीलमधील साओ पावलो या एक कोटीहून अधिक वस्तीच्या महानगराने २००६ मध्ये ‘स्वच्छ शहर’ नावाचा कायदा केला आणि १ जानेवारी २००७ पासून रस्त्यांवरील जाहिरात फलक जवळजवळ पूर्णपणे बंद केले. हजारो फलक उतरले. त्यांच्यामागे जुन्या इमारतींचे सौंदर्य दिसले, आणि इतकी वर्षे दडून राहिलेल्या झोपडवस्त्याही दिसल्या. फलक नुसते दाखवीत नसतात, ते झाकीतही असतात, हे त्या शहराला तेव्हा उमगले.

मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्गाचे उदाहरण तर मला अधिक प्रिय आहे. बोरीबंदरहून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेला कमानींच्या सलग ओवऱ्या आहेत. पादचाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून त्या बांधल्या गेल्या. काळाच्या ओघात दुकानांच्या फलकांनी त्या कमानी बुजवून टाकल्या होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने पाट्यांचे नियम आखले गेले, दुकानदारांशी बोलणी झाली, आणि एकेक पाटी कमानीच्या आत, तिच्या मापात बसविली गेली. धंदा बुडाला नाही. या कामाला २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरव मिळाला. इथे बळजबरीपेक्षा समजावणी अधिक कामाला आली.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांची कायद्याची व्याख्या शिकविली जात असे. कायदा विवेकातून निपजावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची काळजी वाहणाऱ्याने तो करावा आणि तो जाहीर केला जावा, असा तिचा आशय. आकाशचिन्हांचा कायदा या चारही कसोट्यांना उतरतो. उणीव आहे ती काळजी वाहण्याची. ती केवळ अधिकाऱ्यांची आहे असे म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. एका वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाचा मोठा फ्लेक्स चौकातील विजेच्या खांबांना बांधला गेला. त्यावर माझाही फोटो होता. परवानगी घेतली का, हे मी विचारले नाही. सण होऊन दोन आठवडे उलटले तरी तो लोंबत राहिला आणि एका रात्री वाऱ्याने त्याची एक दोरी तुटली. सकाळी मिस्साला येणाऱ्या एका आजीबाईंनी तो बाजूला ओढून ठेवला आणि मला इतकेच म्हणाल्या, “फादर, पोरं सायकलवरून जातात ना इथनं.” कायद्याचे कलम मी नंतर वाचले, त्याचा अर्थ मला त्या सकाळीच कळला होता. तेव्हापासून आमच्या सणाची सूचना चर्चच्या आवारातील फळ्यावर खडूने लिहिली जाते, आणि सणाला येणारी माणसे पूर्वीइतकीच येतात.

कचारगडलाही माणसे अशीच येतात. गुहेकडे जाणारी चढण लागते तेव्हा रस्ता मागे राहतो आणि फ्लेक्सही मागे राहतात. वर डोंगर, झाडी आणि त्यांच्यावर पसरलेले मोकळे आकाश. मी थकून एका दगडावर बसलो होतो. शेजारी एक वृद्ध गोंड गृहस्थ विसावले होते. मी त्यांना विचारले, “दादा, पूर्वी इथं रस्ता नव्हता, पाट्या नव्हत्या, मग लोकांना वाट कशी सापडायची?” ते हसले. म्हणाले, “पुढं चालणाऱ्याचा झेंडा दिसे ना, गुरुजी.”

त्यांच्या हातातील काठीला तोच सप्तरंगी ध्वज होता. तो त्यांनी उचलला आणि ते वर चढू लागले. मीही उठलो आणि त्याच्यामागून चालू लागलो.